ओतलेलं अक्षर, ठोकलेला आकडा : जुन्या ट्रकच्या इंजिनाचं साल कसं ओळखायचं

जुनं इंजिन बघायला कुणी बोलावलं की मी पान्यांची पेटी नेत नाही, कापडी पिशवी नेतो. तिच्यात डिझेलची बाटली, दात घासून झिजलेले दोन ब्रश, बांबूची एक कामटी, लहान बॅटरी, दाढीचा आरसा, पातळ कागद, शिसपेन्सिल, सहा इंची व्हर्नियर आणि तंबाखूच्या रिकाम्या डबीत ज्वारीचं पीठ असतं. डबी उघडली की बघणारे हसतात. "मामा, भाकरी करणार का इंजिनावर?" हसू द्यावं. नंबर वाचून झाला की तेच पीठ मागतात.

मी सोलापूरचा. वडील मिलमध्ये फिटर होते. मी अक्कलकोट रोडच्या एका बोरिंगच्या, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर कातून सारखे करणाऱ्या दुकानात लागलो, पुढे स्वतःचं शेड टाकलं. पुणे-हैदराबाद रस्त्यावर सोलापूर मधे, विजापूरचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. त्यामुळे चादरी, शेंगा, साखर घेऊन जाणारे सगळ्या बनावटीचे ट्रक इथे मोडले आणि इथेच दुरुस्त झाले. ट्रक भंगारात गेले, पण त्यांची इंजिनं विहिरीवर, गुऱ्हाळावर, खडी क्रशरवर अजून सापडतात. हल्ली ती शोधत पोरं येतात, जुना ट्रक पुन्हा उभा करायचा म्हणून. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "किती सालचं आहे?" आणि मोबाइलमध्ये नंबरचा फोटो. नुसत्या फोटोवरून मी साल सांगत नाही. का ते पुढे कळेल.

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण ते मी स्वतः करून बसलोय. १९८४ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. फार्गोचं एक इंजिन खोलायला आलं होतं, अंगावर बोटभर मळी. उस्तादांनी सांगितलं, नंबर वाचून वहीत लिही. मी हुशारी केली. ड्रिलला वायरचा कप लावला आणि नंबरच्या जागेवर फिरवला. मळी गेली, गंज गेला, लोखंड चांदीसारखं चमकायला लागलं आणि आधीच गंजाने उथळ झालेल्या आठ आकड्यांतले तीन त्याच्याबरोबर गेले. उस्ताद मागून आले. "का बे, काय करलालास?" एवढंच म्हणाले. मग हातातलं ड्रिल काढून घेतलं आणि महिनाभर मला फक्त नट-बोल्ट धुवायला बसवलं. त्या मालकाला पुढे आरटीओत हेलपाटे मारावे लागले ते वेगळंच. तर ग्राइंडर नाही, वायर कप नाही, पॉलिश पेपर नाही, छिन्नी तर नाहीच.

करायचं असं. जागा डिझेलने भिजवायची आणि चहा पिऊन यायचं. मळी मऊ झाली की बांबूच्या कामटीने खरवडायची. बांबू बिडापेक्षा, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडापेक्षा मऊ असतो, तो ओरखडा पाडत नाही. मग ब्रशने घासायचं, पुन्हा डिझेल, पुन्हा ब्रश. कोरड्या फडक्याने पुसून उन्हात वाळू द्यायचं. पूर्ण वाळल्यावर चिमूटभर पीठ आकड्यांवर टाकून अंगठ्याने चोळायचं आणि तळहाताने वरचं पुसून घ्यायचं. खड्ड्यातलं पीठ तेवढं राहतं आणि नंबर पांढरा उठून दिसतो. खडूची भुकटीही चालते, पण पीठ बारीक असतं, उथळ आकड्यातही बसतं. ज्वारी मालदांडीच पाहिजे असं नाही, घरात जी असेल ती.

तरी वाचता येत नसेल तर बॅटरी समोरून न धरता आडवी, अगदी पृष्ठभागाला टेकवून धरायची. उजेड आडवा पडला की खड्ड्याला सावली मिळते. संध्याकाळी उन्हं कलल्यावर रस्त्यावरचे खड्डे दिसतात, तसं. शेवटी पातळ कागद वर ठेवून पेन्सिल आडवी फिरवायची. आरटीओत चेसिस नंबरची प्रिंट घेतात तीच पद्धत. कागदावर उमटलेलं मोबाइलच्या फोटोपेक्षा खरं, कारण फोटोत तेलाचा ओघळही एक आकड्यासारखा दिसतो. पेन्सिल थापा मारत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. इंजिनावर दोन जातीची अक्षरं असतात. काही वर आलेली, ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या अंगातूनच उगवल्यासारखी. ती ओतलेली. साच्यातच अक्षर असतं, वितळलेलं बीड त्यात जातं आणि ब्लॉक जन्मतानाच ते अंगावर घेऊन येतो. दुसरी आत गेलेली. ती नंबर पंचाने हातोड्याखाली ठोकलेली. ओतलेलं अक्षर नंतर बदलता येत नाही. फार तर कुणी ते घासून काढेल, पण दुसरं उगवणार नाही. ठोकलेला आकडा मात्र बारक्या पंचाचा सेट आणि हातोडी असली की कुणालाही ठोकता येतो. म्हणून दोघांची साक्ष जुळत नसेल तर मी ओतलेल्याच्या बाजूने उभा राहतो.

पण ओतलेल्या अक्षरांतही एक गफलत होते. सगळे ओतीव आकडे तारीख नसतात. बहुतेक मोठा आकडा हा त्या ओतीव भागाचा नंबर असतो, म्हणजे साच्याची ओळख. एक गृहस्थ ब्लॉकवर १९५ ने सुरू होणारा लांबलचक नंबर बघून "एकोणीसशे पन्नासचं आहे" म्हणून आनंदाने पैसे मोजून मोकळे झाले होते. तारीख वेगळी असते. ती लहान असते, बऱ्याचदा एकटी असते, आणि ब्लॉकच्या कुशीत, सेल्फच्या (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या) मागे किंवा एखाद्या पाइपच्या आड असते. आरसा तिच्यासाठीच न्यायचा.

अमेरिकन इंजिनांत ही तारीख वाचायला सगळ्यात सोपी, पण फसवीही. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीचा लिलावातला माल देशभर पसरला, त्यात शेवर्ले आणि डॉजचे ट्रक होते. शेवर्लेच्या ब्लॉकवर एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे आकडे दिसतील. अक्षर म्हणजे महिना. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एलपर्यंत डिसेंबर. त्यापुढे तारीख आणि शेवटी सालाचा फक्त शेवटचा आकडा. समजा 'एफ १२ ३' आहे. १२ जून, आणि साल तीनने संपणारं. १९३३, ४३ की ५३? इथे इंजिनाची जात बघायची. शेवर्लेचं २१६ घन इंचाचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन १९३७ ते १९५३ एवढंच निघालं. म्हणजे ३३ बाद. उरले ४३ आणि ५३. मिलिटरीच्या लिलावातला ट्रक असेल तर ४३ धरायला हरकत नाही, पण तेवढ्यावर शपथ घेऊ नका.

डॉजचं वेगळं. डॉज क्रायस्लर कंपनीचा. तिच्या जुन्या चपट्या हेडच्या (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण) इंजिनांवर तारीख पूर्ण ओतलेली असते, मधे आडव्या रेघा देऊन, पण अमेरिकन पद्धतीने. आधी महिना, मग तारीख, मग साल. '८-११-४७' म्हणजे ११ ऑगस्ट, ८ नोव्हेंबर नाही. मी कित्येक वर्षं उलट वाचत होतो आणि लोकांना छातीठोक सांगतही होतो. एक दिवस '१-२३-४९' असा ब्लॉक समोर आला. तेविसावा महिना कुठला? तेव्हा डोक्यात उजेड पडला. ज्यांना आधी चुकीचे महिने सांगितले त्यांनी माफ करावं, साल तरी बरोबर होतं.

या डॉजचा ठोकलेला नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, हेडच्या खाली आणि डायनमोच्या वर एका सपाट उंचवट्यावर सापडतो. सुरुवातीला टी आणि आकडा असेल तर तो ट्रकचा. 'टी २१४' दिसलं तर ते युद्धातल्या पाऊण टनी डॉजचं. नंबरच्या शेवटी ए किंवा बी असेल तर त्याकडे काणाडोळा करू नका. ए म्हणजे सिलिंडर कारखान्यातूनच २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठे केलेले, बी म्हणजे क्रँकची बेअरिंगं कारखान्यातूनच १० थाऊ लहान मापाची. अशा इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजून "एकदा रिबोअर झालंय" म्हणणारा मिस्त्री चुकतो. ते जन्मतःच तसं आहे.

डॉज म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना जरा जास्तच आपुलकी. वालचंद हिराचंद इथलेच, १८८२ साली सोलापुरात जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही दोन नावं म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ. तेव्हा तोंडावर फार्गो आणि पोटात डॉजचा नंबर दिसला तर कुणी फसवलंय असं समजू नका. यांतल्या बऱ्याच ट्रकांत पर्किन्सचं डिझेल इंजिन बसलेलं असतं. मग इंजिनाचं साल पर्किन्सच्या हिशेबाने काढायचं.

पर्किन्सची जुनी ओळख पी ६. सहा सिलिंडर, सुमारे पावणेपाच लिटर, १९३० च्या दशकाच्या शेवटी निघालेलं. त्यानंतरचं ६.३५४ हे १९६० चं. नावातच सगळं आहे. सहा सिलिंडर, ३५४ घन इंच. म्हणून कुणी ६.३५४ दाखवून "पन्नास सालचा ओरिजिनल" म्हणाला तर ट्रक पन्नासचा असेल, इंजिन नाही. विलायतेत बनलेल्या पर्किन्सच्या नंबरात १९७४ पासून शेवटचं अक्षर सालाचं आहे. ए म्हणजे १९७४, बी १९७५, असं पुढे. मधलं आय वगळलंय, त्यामुळे एच १९८१ आणि जे १९८२. आपल्याकडे पर्किन्स मद्रासच्या सिम्पसनने बनवलं. इंजिनावरच्या नावाच्या पट्टीवर सिम्पसन असेल तर ही अक्षरांची किल्ली आंधळेपणाने लावू नका.

लेलँडची नावंही घन इंचातच. ३५०, ३७०, ४००, ६८०. घन इंचाला ६१ ने भागलं की लिटर मिळतात, म्हणजे ४०० चं साधारण साडेसहा लिटर. पट्टीवर कंपनीचं नाव 'अशोक मोटर्स' असेल तर ती १९४८ ते १९५५ मधली. १९५५ ला नाव अशोक लेलँड झालं. बेडफर्डच्या ३०० आणि ३३० चाही हिशेब तोच. बेडफर्डवर जास्त बोलत नाही, माझ्या हाताखालून कमी गेले.

आता टाटा. आपल्याकडे दहातली आठ इंजिनं हीच असतात, म्हणून इथे बैठक मारून बसू.

टेल्कोने डाइमलर-बेंझबरोबर १९५४ मध्ये ट्रक काढायला सुरुवात केली. तोंडावर मर्सिडीजचा स्टार होता. करार १९६९ ला संपला, स्टार गेला आणि त्या जागी टी आला. पुढे २००३ मध्ये टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं. एवढ्या तीन तारखा पाठ असल्या तरी अर्धं काम होतं. स्टारची पट्टी कराराच्या काळातली, टेल्को नाव २००३ च्या आतलं. मात्र स्टार हा दागिना आहे. तो काढता येतो, घालता येतो. आजही हौसेने नव्या ट्रकला स्टार लावणारे आहेत.

इंजिनांची पिढी अशी. आधी ३१२. हे मर्सिडीजचं ओएम ३१२, ९० मिलिमीटर बोअर, १२० स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल), सहा सिलिंडर, सुमारे ४.६ लिटर. प्री-चेंबरचं, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणून हेडला हीटर प्लग. इथे ३१२ चा सिलिंडरशी काही संबंध नाही, तो नुसता प्रकाराचा नंबर. त्यानंतरच्या टाटाच्या इंजिनांची नावं मात्र बोलकी आहेत. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ चा बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ चा बोअर. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७. आणि १२१०, १६१२ हे इंजिनाचे नंबर नव्हेत. ते ट्रकच्या मॉडेलचे. बारा टन आणि शंभर एचपी, सोळा टन आणि एकशेवीस. गल्लीत विचारलं तर निम्मे लोक "माझं इंजिन बाराशे दहाचं" म्हणतात. बिघडत नाही, पण वहीत तसं लिहू नका.

नंबर पूर्ण गेलेला असेल तर? मग मोजायचं. बोअरवर विश्वास ठेवू नका. बोअर झिजतो, रिबोअर होतो, नवा लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बसला की परत स्टँडर्ड होतो. स्ट्रोक क्रँकने ठरतो, तो दुकानात बदलत नाही. ६९२ चा स्ट्रोक १२०, ६९७ चा १२८. आठ मिलिमीटरचा फरक लपत नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर विहिरीच्या इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं होतं. नातवाला त्या इंजिनावर आजोबांच्या वडिलांचा ट्रक परत उभा करायचा होता. आजोबा बाजेवर बसून ठाम सांगत होते, "आमच्या बाच्या टायमाचं हाय ते. चोपन सालचं. स्टार बग की दाराला." पंपघराच्या दाराला खरंच स्टार ठोकलेला होता, खालून गंजलेला. आरसी बुकसुद्धा जपून ठेवलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत.

हेड उघडलेलंच होतं. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन हाताने क्रँक फिरवून वर आणला, व्हर्नियरची मागची पात ब्लॉकच्या तोंडावर टेकवून खोली घेतली. पुन्हा फिरवून पिस्टन अगदी खाली नेला, पुन्हा खोली घेतली. वजाबाकी १२८. मी काही न बोलता दुसऱ्या सिलिंडरला तेच केलं. १२८. बोअर वरच्या कडेला ९७ च्या थोडा वर, खाली बरोबर ९७. हिशेब सोपा आहे. ९७ गुणिले ९७ गुणिले १२८, त्याला ०.७८५ ने गुणा, मग सहाने गुणा, घन सेंटिमीटरसाठी हजाराने भागा. ५,६७० च्या आसपास येतं. म्हणजे ६९७. ३१२ नाही, ६९२ सुद्धा नाही. चोपन सालाशी त्याचा काही संबंध असणं शक्य नव्हतं.

मग नंबरची पट्टी बघितली. पीठ चोळलं, कागदावर प्रिंट घेतली आणि आरसी बुकाशेजारी ठेवली. एकही आकडा जुळेना. ट्रक जुना होता यात शंका नाही, बुकावर स्पष्ट होतं. मधे केव्हातरी इंजिन बदललं आणि बुकात नोंद करायची राहून गेली. आजोबा दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "मग हैद्राबाद रोडला जळालं ते पयलं इंजिन आसंल." इंजिन एकदा जळालं होतं ही गोष्ट त्यांनी तोवर कुणाला सांगितलीच नव्हती. घरच्यांना विचारताना "कधी घेतलं?" एवढंच विचारू नका. "कधी जळालं, कधी सीझ झालं, कुठल्या गॅरेजला होतं?" हेही विचारा. इंजिनाची खरी कुंडली तिथे निघते.

ठोकलेला नंबर खरा की नंतरचा, हे ओळखायच्या दोन-तीन खुणा आहेत. कारखान्यात नंबरची जागा मशिनवर सपाट केलेली असते. भिंग लावलं तर तिथे समांतर बारीक रेघा दिसतात. त्या रेघा जागेवर असतील आणि आकड्यांच्या कडेला त्या तुटलेल्या असतील तर बहुधा नंबर मूळचा. जागा गुळगुळीत असेल, किंवा रेघा गोल गोल, ग्राइंडरसारख्या दिसत असतील, तर थांबा. आकड्यांची ओळ बघा. हाताने ठोकलेला एखादा आठ वर जातो, एखादा तीन तिरका होतो, एक खोल तर एक उथळ. अर्थात जुन्या काळी कारखान्यातही हातानेच ठोकायचे, त्यामुळे नुसत्या वाकडेपणावर चोर ठरवू नका. जागा आणि आकडा दोन्ही संशयास्पद असतील तरच. मीसुद्धा एकदा फसलोय. एका दलालाने आणलेल्या इंजिनाचा नंबर बुकाशी तंतोतंत जुळत होता म्हणून घेतलं. घरी येऊन पीठ चोळलं तेव्हा चार आकड्यांच्या खाली दुसरे चार दिसले, जुन्या पाटीवर पुसून पुन्हा लिहिल्यासारखे. पीठ आधी न्यायचं असतं, नंतर नाही.

काही इंजिनांत नंबर हेडच्या अगदी लगत असतो. असा ब्लॉक फेसिंगला, म्हणजे वरचं तोंड मशिनवर सपाट करायला गेला की मशिन नंबरही घेऊन जातं. तिथे कुणाचा कट नसतो.

आता किरकोळ साक्षीदार. हे साल सांगत नाहीत, पण अलीकडची आणि पलीकडची हद्द सांगतात. लुकासचा सेल्फ किंवा डायनमो असेल तर त्याच्या अंगावर बारीक ठोकलेला महिना आणि साल असतं, जसं '७ ५८'. नंतरच्या काळात महिन्याऐवजी आठवडा येतो, तेव्हा पहिला आकडा बारापेक्षा मोठा दिसला तर गोंधळू नका. डिझेल पंपावर मायको असेल तर तो १९५१ च्या आधीचा नाही, कारण कंपनीच त्या साली निघाली. पण पंप हा बदलता भाग. इंजिन पन्नासचं आणि पंप ऐंशीचा, हे रोजचं आहे.

पत्र्याच्या पट्टीवर पत्ता असेल तर तो वाचा. सहा आकडी पिनकोड आहे? पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे पट्टी त्यानंतरची. बॉम्बे की मुंबई? १९९५. मद्रास की चेन्नई? १९९६. आपल्या गावच्या एखाद्या जुन्या दुकानाची पट्टी असेल आणि इंग्रजीत सोलापूरच्या एसनंतर एच असेल, तर ती शोलापूरच्या जमान्यातली. मापं पौंडात आहेत की किलोत तेही बघा. मेट्रिक वजनमापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली.

पाना हाही साक्षीदार. टाटाला मिलिमीटरचे पाने बसतात, अमेरिकनला इंची ए-एफ, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराचे. जुन्या विलायती इंजिनाला व्हिटवर्थचे पाने लागतात, ज्यावर लिहिलेलं माप आणि तोंडाचं माप यांचा मेळ बसत नाही. एकाच पर्किन्सला अर्धे बोल्ट व्हिटवर्थ आणि अर्धे मिलिमीटर निघाले तर समजायचं, बरेच हात फिरलेत.

आमच्यासारख्या बोरिंगवाल्यांनी ठोकलेलंही असतं. पिस्टनच्या डोक्यावर २०, ४० असं ओव्हरसाइझचं माप, बेअरिंगच्या पाठीवर १०, २० असं अंडरसाइझचं. काही दुकानं ब्लॉकच्या कडेला कामाची तारीखही ठोकतात. आमचे उस्ताद ठोकायचे, दिवाळीच्या आधीच्या कामांना तर हमखास, कारण बोनसचा हिशेब त्यावर चालायचा. ती तारीख दुरुस्तीची, जन्माची नव्हे. १९७८ ठोकलेलं बघून "अठ्ठ्याहत्तरचं इंजिन" म्हणणारे भेटतात. तसं म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख धरून माणसाचं वय काढण्यासारखं.

सतरा अक्षरी चेसिस नंबरात दहाव्या जागेवर साल असतं ही माहिती आता सगळ्यांना झालीय. ती नव्या गाड्यांची. पन्नास-साठ-सत्तरच्या ट्रकला सतरा अक्षरी नंबरच नाही. जुन्या नंबराची अक्षरं मोजून दहाव्यावर बोट ठेवू नका.

आणि व्हिंटेज पासिंगचं, म्हणजे जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचं विचाराल म्हणून सांगतो. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज ठरायला लागणारी पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून, ब्लॉक ओतल्याच्या तारखेपासून नाही. आणि तो नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींचा आहे, ट्रकचा नाही. पोरांचा चेहरा पडतो, पण नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. इंजिन बदललेलं असेल तर आरसीवर नोंद करून घेणं मात्र कुठल्याही गाडीला चुकत नाही.

वहीत लिहिताना मी एका ओळीत साल लिहीत नाही. ब्लॉक ओतल्याची तारीख वेगळी, ठोकलेला नंबर वेगळा, बुकावरचा नंबर आणि नोंदणीची तारीख वेगळी, सेल्फ-पंपाच्या तारखा वेगळ्या, दुरुस्तीच्या खुणा वेगळ्या. ब्लॉकची तारीख सापडली नाही तर 'अमुक ते अमुक' असं लिहितो. मोहोळच्या त्या इंजिनापुढे मी '६९७, स्ट्रोक १२८, नंबर बुकाशी जुळत नाही, आधीचं इंजिन जळालं' एवढंच लिहिलं. नातवाने विचारलं, साल? मी ती जागा कोरी ठेवली. सेल्फच्या मागची तारीख बघायला सेल्फ उतरवावा लागणार होता आणि त्या दिवशी कांद्याला पाणी चालू करायचं होतं.

वाचून झालं की पीठ ब्रशने नीट झटकून काढा. पीठ ओल धरतं आणि आठवड्यात तिथे गंज येतो. मग बोटभर ग्रीस त्या जागेवर चोपडा आणि वर चिकटपट्टी लावा. इंजिन रंगवायला दिलं तर रंगाऱ्याला जागा दाखवून सांगा, इथे फवारा मारायचा नाही. सांगितलं तरी मारतो. म्हणून पट्टी दुहेरी लावा.